अर्ध्या पाण्यावर

"शंभर टक्के," डॉक्टर नम्रता म्हणाल्या आणि त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे किंचित वळवला. "काका, त्या जुन्या अभ्यासात एकशे ऐंशी माणसं होती. एकही गोळी न चुकवलेले आपण एकटेच." पडद्यावर माझे नाव होते, त्याखाली २००२ सालापासूनचे महिने ओळीने लिहिलेले होते आणि प्रत्येक महिन्यासमोर तोच एक आकडा उभा होता. खराडीतील त्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर इतका गारवा होता की माझ्या बोटांची पेरे बधिर झाली होती. तरीही त्या क्षणी माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. दोषारोप ऐकण्याची मनुष्यास सवय होऊ शकते. त्याची उत्तरे तो वर्षानुवर्षे मनात घोळवून ठेवतो. स्तुतीची अशी तयारी माझ्यापाशी नव्हती. मी मान खाली घातली. बाईंनी तो माझा विनय समजला असावा, कारण त्या हसल्या आणि म्हणाल्या, "लाजताय काय? असे पेशंट मिळाले तर आम्ही पेढे वाटू."

मी मांजरीच्या एका रोपवाटिकेत गुलाबाचे डोळे भरण्याचे काम करतो. रानटी गुलाबाच्या खुंटावर साल चिरून तिच्या आत चांगल्या जातीच्या गुलाबाचा एक डोळा, म्हणजे कोंब धरणारा एवढासा सालीचा तुकडा, बसवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी आवळायची, याला डोळा भरणे म्हणतात. माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले. पुढील जे काही आहे ते हडपसरच्या वाचनालयातून घरी आणलेल्या पुस्तकांचे आहे. एचआयव्हीची बाधा माझ्या शरीरात असल्याचे २००१ साली समजले आणि माझी पत्नी कांता हिच्या शरीरात असल्याचे त्यानंतर आठ दिवसांनी. कोणाकडून कोणास, हा प्रश्न आम्ही एकमेकांस कधी विचारला नाही. आमची मुलगी निकिता हिच्या जन्माच्या वेळी कांतास रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या होत्या. त्यानंतर दोन वर्षे मी रोपांच्या गाड्यांबरोबर पार हैदराबादपर्यंत हिंडलो होतो. मौन बाळगण्यास दोघांनाही कारण होते. निकिता तेवढी निर्दोष राहिली. आज ती खराडीतच एका कंपनीत आहे, आणि या नव्या उपचाराची माहिती तिनेच शोधून काढली. माझी जुनी कागदपत्रे स्कॅन करून तिनेच पाठवली. मला तिने फक्त सांगितले, "बाबा, सोमवारी अकरा वाजता. शर्ट इस्त्रीचा घाला."

उपचार समजावून सांगताना डॉक्टर नम्रता यांनी कागदावर एक वर्तुळ काढले व त्यास एक दार काढले. विषाणूला रक्तातील पेशीत शिरण्यास हे दार लागते. जगात काही थोडी माणसे अशी आहेत की त्यांच्या पेशींना ते दार जन्मतःच नसते. त्यांना हा विषाणू सहसा बाधत नाही. तेव्हा माझ्याच हाडांच्या मगजातील मूळपेशी, ज्यांच्यापासून सारे रक्त तयार होते, त्या रक्तात उतरवून बाहेर काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकातून दार घडवणारा भाग कापून टाकायचा आणि त्या पुन्हा माझ्याच शरीरात सोडायच्या. पुढे त्यांच्यापासून जे रक्त उपजेल ते बिनदाराचे असेल. "आणि आतल्या जुन्या मूळपेशी?" मी विचारले. "त्यांना औषध देऊन थोडं मारावं लागतं. नव्यांना जागा हवी ना. तो भाग त्रासाचा आहे, केस जातील, तोंड येईल, हे मी लपवणार नाही." मी म्हणालो, "डोळा लागला की खुंटाचा वरचा रानटी शेंडा छाटतात, तसे." बाईंनी पेन खाली ठेवले. "काका, हे मी दुसऱ्या पेशंटना सांगू?" मी म्हणालो, अवश्य सांगावे, मात्र हेही सांगावे की छाटलेला रानटी खुंट सांध्याच्या खालून पुन्हा फुटतो, आणि ती फूट दिसताक्षणी खुडली नाही तर दोन वर्षांत झाड सगळे रानटी होते. त्या गंभीर झाल्या. "म्हणूनच मी 'बरे व्हाल' हा शब्द वापरत नाही. काबू म्हणते. उपचारानंतर काही महिन्यांनी आम्ही आपल्या गोळ्या थांबवू आणि पाहू, गोळ्यांशिवाय विषाणू काबूत राहतो का."

मग त्या पुढील वाक्य बोलल्या, ज्यासाठी मी हे सर्व लिहीत आहे. त्या म्हणाल्या की काही विषाणू पहिले दार सोडून दुसऱ्या एका दाराने शिरण्यास शिकतात. अशा माणसाचे पहिले दार काढून काहीच साधत नाही. उलट गोळ्या थांबवल्यावर त्याच्या जिवावर बेतू शकते. आजार फार काळ मोकाट वाढला, औषध अर्धवट घेतले गेले, की असा विषाणू निपजण्याची भीती वाढते. तो पेशींत निजून राहतो आणि तपासणीत दरवेळी सापडतोच असे नाही. "म्हणून आम्ही माणसाच्या इतिहासावर अवलंबून असतो. आपल्या बाबतीत तो प्रश्नच नाही. एकच कोडं आहे, इतके नियमित असूनही २००९ साली आपलं औषध निकामी झालं, बदलावं लागलं. आपल्या विषाणूत काहीतरी वेगळं आहे, आणि ते आम्हाला समजून घ्यायचं आहे. गुरुवारी मुलीला घेऊन या. पूर्वेतिहासाचा तक्ता तिच्यासमोर वाचून दाखवायचा असतो, मग आपली सही, साक्षीदार म्हणून तिची."

माझ्या विषाणूत वेगळे काही नव्हते. वेगळे जे होते ते माझ्या आणि कांताच्या घरात घडले होते. खाली रस्त्यावर येऊन मी हडपसरच्या बसची वाट पाहत उभा राहिलो, तेव्हा गळ्यात ओळखपत्रांच्या पट्ट्या अडकवलेली तरुण मुले माझ्या दोन्ही बाजूंनी वाहत होती आणि त्यांतील एकालाही ठाऊक नव्हते की त्यांच्यामध्ये उभा असलेला हा इस्त्रीच्या शर्टातील मनुष्य एका शास्त्रीय अभ्यासात बावीस वर्षे असत्य बनून बसला आहे. निकिताचा फोन आला. "काय म्हणाल्या?" मी म्हणालो, "शंभर टक्के म्हणाल्या." "म्हणजे सिलेक्ट?" "अजून सही व्हायची आहे." "अहो, सही म्हणजे फॉर्मॅलिटी. गुरुवारी मी हाफ डे टाकते. आणि ऐका, रिक्षाने जा, बसमध्ये लोंबकळू नका, आता तुम्ही व्हीआयपी." तिच्या आवाजात एक चढ होता, लहानपणी जत्रेतील पाळण्यात बसून पाळणा वर जाताना तिचा आवाज जसा होई तसा. तो आवाज मी फार दिवसांनी ऐकला. मी बसनेच गेलो.

२००२ सालच्या उन्हाळ्यात रोपवाटिकेच्या विहिरीने तळ दाखवला होता. टँकर दोन दिवसांआड येई. आम्हा सर्व कामगारांवर रंगराव नावाचे एक वृद्ध माळी होते. गुडघ्यापर्यंत धोतर, कानात अत्तराचा नव्हे तर निंबोळीच्या तेलाचा बोळा. त्यांनी आदेश काढला की एका रोपाचे पाणी दोन रोपांना घालायचे. मी म्हणालो, "अशाने दोन्ही मरतील." ते म्हणाले, "पोपटराव, तुम्ही लई पुस्तकं वाचता. अर्ध्या पाण्यावर रोप मरत न्हाई. हट्टी होतं." आणि खरोखर, मृगापर्यंत आमची बहुतेक रोपे तगली. पाने लहान झाली, कांड्या आखूड झाल्या, परंतु मुळे इतकी खोल गेली की पिशव्या फाडून जमिनीत शिरली. ती पिशवी उचलताना जो करकर आवाज होई तो मला आजही प्रिय आहे. कांता त्या वेळी पिशव्या भरण्याच्या कामावर होती. लाल माती, शेणखत आणि वाळू यांचे मिश्रण ती हातानेच करी. तिच्या हातांना कायम त्या मिश्रणाचा ओला, उबदार वास येई, आणि रात्रीच्या भाकरीलाही तो किंचित येई, असे मी तिला चिडवीत असे. "मग खाऊ नगा," ती म्हणे आणि दुसरी भाकरी ताटात टाकी. ती लोणी काळभोरची. तिचे बोलणे शहरात राहून बदलले नाही, आणि माझे बोलणे पुस्तकांनी बदलले, त्यामुळे आमच्या घरात दोन गावे नांदत असत.

त्याच वर्षी आषाढात एका मोठ्या दवाखान्यातील अभ्यासात माझी निवड झाली. तेव्हा या गोळ्या सरकारकडून मिळत नसत आणि बाहेर घेणे आमच्यासारख्यांच्या कल्पनेबाहेरचे होते. अभ्यासात त्या मोफत होत्या, परंतु ज्याच्या रक्तातील संरक्षक पेशी ठरावीक संख्येखाली गेल्या असतील त्यालाच. माझ्या गेल्या होत्या. कांताच्या अजून वर होत्या. ती अधिक निरोगी ठरली, म्हणून तिला काही मिळाले नाही. सकाळी एक गोळी, सायंकाळी एक गोळी, महिन्याची एक बाटली, अशी पद्धत होती. पहिल्या दिवशी मी बाटली घेऊन घरी आलो आणि ती देव्हाऱ्याशेजारी ठेवली. त्या बाटलीकडे पाहत आम्ही दोघे बराच वेळ बसलो. घरात एकच छत्री असावी आणि दोघांना दोन दिशांना जायचे असावे, तशी ती शांतता होती. मग कांता म्हणाली, "सकाळची मी घेते, संध्याकाळची तुमी घ्या." मी म्हणालो, डॉक्टरांनी बजावले आहे, एकही चुकवायची नाही. "चुकवायची कुठं हाय? बाटली तर रिकामीच हुणार की. आवं, येवढी झाडं आपुन अर्ध्या पाण्यावर जगवली. आपुन काय झाडाहून नाजूक हाय?"

आज मला ठाऊक आहे की औषध म्हणजे पाणी नव्हे. अर्धे पाणी मिळाले तर झाड हट्टी होते. अर्धे औषध मिळाले तर आत दडलेला विषाणू हट्टी होतो. परंतु त्या सायंकाळी तिचे म्हणणे मला शास्त्राइतके पक्के वाटले, कारण त्याचा पुरावा मी स्वतःच्या डोळ्यांनी वाफ्यावाफ्यांतून पाहिला होता. कोणी सुशिक्षित दांपत्य असते तर त्यांनी ही चूक केली नसती. ती करण्यास माळीच व्हावे लागले. आणि प्रत्येक महिन्यास समुपदेशक विचारी, "सगळ्या घेतल्या?" तेव्हा मी रिकामी बाटली पुढे करून म्हणे, "सगळ्या." त्यात शब्दशः असत्य असे काही नव्हते. तो लिही, शंभर.

मी येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, जी कोणत्याही तक्त्यात विचारलेली नाही. ते चौदा-पंधरा महिने माझ्या आयुष्यातील सर्वांत सुखाचे होते. औषधाचा पहिला अंमल असेल, किंवा आशेचा असेल, परंतु दोघांच्याही अंगावर मांस धरू लागले. कांताचे गाल भरले. रविवारी आम्ही निकितास घेऊन मुळा-मुठेच्या काठाने मांजरीच्या मळ्यांतून चालत जात असू; निकिता पुढे धावे, आणि कांता तिच्याकडे पाहत मला हळूच म्हणे, "सकाळचं म्या राखलंय, संध्याकाळचं तुमी राखायचं." दिवसाची आम्ही अशी वाटणी केली होती. सकाळ तिची, सायंकाळ माझी. कामावर असताना सकाळी दहा-अकराच्या सुमारास मला मनातून वाटे, या क्षणी ती सुरक्षित आहे. आणि दिवस मावळताना तिला माझ्याविषयी तसे वाटत असावे, कारण ती त्या वेळी हमखास गुणगुणे. लग्नात एकमेकांना जे वचन देतात त्याचा अर्थ बहुधा लोकांस कधी कळत नाही. आम्हाला तो एका बाटलीमुळे कळला. आता बावीस वर्षांनी, सर्व गोळ्या नियमित मिळत असताना, शरीर धडधाकट असताना, मी त्या आजारी वर्षांकडे तहानलेल्यासारखा वळून पाहतो, आणि याची मला लाज वाटते, आणि लाज वाटूनही मी पाहतोच.

यापुढचे मी कोणासही सांगितले नव्हते. २००३ च्या दिवाळीनंतर मला ताप आला. तो उतरेना. तोंडात पांढरी बुरशी धरली, पाणी गिळताना घसा चिरे. तिसऱ्या दिवशी सायंकाळी कांताने गोळी दिली, आणि चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा एक पुढे केली. मी तिच्या तळहाताकडे पाहिले. "घ्या," ती म्हणाली, "ताप उतरंस्तवर." मी घेतली. ताप अकरा दिवसांनी उतरला. बाराव्या दिवशी सकाळी तिने पुन्हा तळहात पुढे केला आणि मी काहीही बोललो नाही. मी म्हणू शकत होतो, आता तुझी तू घे. ते वाक्य माझ्या जिभेवर आले होते, त्याची चव मला आठवते. परंतु मला जगण्याची गोडी लागली होती, आणि मनुष्य भ्याला की त्याची पुस्तके त्यास सोडून जातात. मी ती गोळी घेतली. तेराव्या दिवशीही घेतली. ती दररोज देत राहिली, मी दररोज घेत राहिलो, आणि आम्ही दोघांनीही त्यास कधी नाव दिले नाही. माघात तिला मेंदूचा क्षय झाला. फाल्गुन लागण्यापूर्वी ती गेली. एप्रिलपासून सरकारने मोफत गोळ्या सुरू केल्या. पहिल्या महिन्यात जी रांग लागली तीत मी उभा होतो, आणि माझ्या पुढे एक जोडपे होते.

सोमवार ते गुरुवार या तीन दिवसांत मी एकशे चाळीस डोळे भरले. हात आपोआप चालतात. चाकूने साल चिरली की तिच्या आतला ओला, हिरवट थर दिसतो. तेथे बोट लावण्याची मनाई असते, कारण माणसाच्या हाताचा तेलकटपणा डोळ्याला मानवत नाही. मी विचार करीत होतो की सही करावी आणि गप्प राहावे. कदाचित माझा विषाणू पहिल्याच दारातून जात असेल. कदाचित दुसरे दार तो शिकलाच नसेल. मग मी काबूत येईन, निकिताच्या आवाजातील तो चढ टिकेल, आणि शास्त्रज्ञ माझ्या विषाणूतील वैशिष्ट्य शोधत बसतील. त्यांना ते सापडणार नाही, परंतु शोधणे हे तर त्यांचे कामच आहे. मग मला वाटे, माझ्यानंतर येणारा एखादा मनुष्य, ज्याने खरोखरच एकही गोळी चुकवलेली नसेल, त्याच्यावर ते माझ्यावरून काढलेला निष्कर्ष लावतील. आणि सर्वांत खोल, जेथे चाकू पोहोचत नाही तेथे, वेगळीच एक भीती बसली होती: की हे रक्त बदलले, तर जे कांताच्या रक्तात होते आणि माझ्या रक्तात आहे, ते जगातून जाईल, आणि ते गेल्यावर आम्हा दोघांत समान असे काही शिल्लक राहणार नाही. ही भीती मूर्खपणाची होती, निकिता आमच्या दोघांची होतीच की. पण खरी अडचणही निकिताच होती. सत्य सांगायचे तर तिच्यासमोर सांगावे लागणार होते. तिला एवढेच माहीत होते की आईला औषध मिळाले नाही. कोणी मिळू दिले नाही, हे तिला माहीत नव्हते.

गुरुवारी ती मला गाडीवर घेऊन गेली. लिफ्टमध्ये तिने माझी कॉलर नीट केली. डॉक्टर नम्रता तक्ता वाचू लागल्या. नाव, वय अठ्ठावन्न, मद्यपान नाही, तंबाखू सोडून पंधरा वर्षे. "प्रश्न चौदा. उपचार सुरू झाल्यापासून आपण कधी औषधाची मात्रा चुकवली, कमी केली किंवा दुसऱ्या व्यक्तीस दिली का?" त्यांचे पेन 'नाही'च्या चौकटीवर आधीच टेकलेले होते. मी म्हणालो, "हो."

"बाबा, कधी दिली का असं विचारतायत त्या," निकिता म्हणाली. "नाही म्हणायचं."

"मला प्रश्न कळला."

मी सांगितले. मी ते पुस्तकी भाषेत सांगण्याचा प्रयत्न केला, कारण तिच्या आधाराने मी उभा राहू शकतो, परंतु अर्ध्यावर शब्द संपले आणि मी साध्या शब्दांत सांगितले. पंधरा महिने सकाळची ती, सायंकाळची मी. दिवाळीनंतर दोन्ही मी. बाटली दर महिन्याला रिकामी होती. डॉक्टर नम्रता यांनी एकदाही मध्येच थांबवले नाही. पूर्ण झाल्यावर त्यांनी पेनाचे टोपण लावले. "म्हणजे २००९ चं कोडं सुटलं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, थोडी निराशा होती, अभ्यासू माणसाची असते तशी. "काका, मी आपल्याला या गटात घेऊ शकत नाही. आपल्या गोळ्या थांबवण्याची जोखीम मी घेणार नाही. आहेत त्या गोळ्या आपल्याला छान चालल्यात, त्या चालू राहतील. पुढे दुसरं काही आलं तर मी स्वतः फोन करेन." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "हे आज नसतं सांगितलं तर कदाचित वर्षभराने मला कळलं असतं. तेव्हा आपण आयसीयूत असता." त्यांनी पडदा स्वतःकडे वळवला आणि २००२ सालापासूनचे आकडे एकेक करून पुसू लागल्या. मी ते पाहिले नाही. कळफलकाचा आवाज तेवढा ऐकला.

निकिता लिफ्टमध्ये मजल्यांचे उतरते आकडे पाहत होती. तळमजल्यावर गाड्या लावण्याच्या जागेत ऊन तिरपे आत आले होते, आणि ती आपल्या गाडीपाशी किल्ली हातात धरून उभी राहिली. मला वाटले, ती म्हणेल की तुम्ही आता रिक्षाने जा. मी तशी मनाची तयारी केली होती.

"सकाळची आई घ्यायची?" तिने विचारले.

"हो."

"किती वाजता?"

"तू शाळेला निघायच्या वेळी. सातच्या सुमारास."

ती गाडीच्या सीटवरील धूळ बोटाने पुसू लागली. "कडू असायची का ती गोळी?"

"फार. जिभेवर राहिली तर दिवसभर जात नसे."

"ती गुळाचा खडा खायची त्याच्यावर," निकिता म्हणाली. "दाताने अर्धा तोडायची आणि अर्धा माझ्या तोंडात घालायची. दारातच. मला वाटायचं, तो माझ्यासाठीच काढलाय आणि त्यातला अर्धा तीच खाते. मी भांडायचे पण एकदोनदा." ती थोडे हसली, आणि ते हसू तिच्या चेहऱ्यावर थांबले नाही. "दुसरीत असताना दिवाळीची सुट्टी संपली, आणि गूळ बंद झाला. मी मागितला, तर म्हणाली, नको, दात किडत्यात. मला माहीत होतं का बंद केला ते. सुट्टीत मी तिला बोलले होते. तुझ्या हातांना खताचा वास येतो, मला सोडायला शाळेत येऊ नकोस, पोरी हसतात. नंतर ती गेलीच. मी कोणाला सांगितलं नाही. पण मला कायम वाटत आलंय बाबा, की ती माझ्यावर रुसून गेली."

वरच्या कार्यालयांतून जेवणाची सुट्टी झालेली माणसे उतरत होती. कोणी आमच्याकडे पाहिले नाही. ती सात वर्षांची होती, आणि तेव्हापासून आजवर हे एकटीने वाहत होती, आणि मी तिच्याच घरात, तिच्याच समोर जेवत होतो. वर डॉक्टरांना जे सांगितले ते मी शास्त्रासाठी सांगितले होते. आता मला ते पुन्हा सांगावे लागणार होते.

"रुसली नव्हती," मी म्हणालो. "गोळीच नव्हती तिच्यापाशी. कडूच काही नव्हते, तर गूळ कशाला काढेल? तिची गोळी मी घेत होतो, निकिता. तुझ्या बोलण्याने काही झाले नाही. माझ्या न बोलण्याने झाले."

मग तिने डिकी उघडली, आतले दुसरे हेल्मेट काढले, ते माझ्या डोक्यावर बसवले आणि हनुवटीखालचा पट्टा तिला दोनदा लावावा लागला.

"बसा," ती म्हणाली. "आणि रस्त्यात मला तिचं अजून सांगा. सकाळचं."